आतली कडी

१

अमडापूरच्या भगवंतरावांच्या घरात त्या माघात दोन आठवडे दुसरा विषयच नव्हता. सकाळी दार, जेवताना दार, पान लावताना दार. मोगलाईतून, निजामाच्या हद्दीतून, दरोडेखोर येऊन आसपासच्या गावांतली दोन-तीन घरं धुऊन गेले होते, तेव्हापासून मालकांच्या डोक्यात एकच होतं. माजघरामागच्या दगडी खोलीत आजवर ज्वारी ठेवत, त्या खोलीला पक्कं लोखंडी दार बसवायचं. हाकाटी झाली की दागिने आणि बायका आत, दाराला बाहेरून कुलूप, किल्ली मालकांच्या कंबरेला. दागिने आणि बायका, याच क्रमाने ते म्हणत. आणि त्यांची बायको मनकर्णाबाई, तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई ती नेमकी इथेच.

बरं, निवडायचं म्हणजे काय थाट! मुंबईच्या कुठल्या कारखान्याचं चित्रांचं पुस्तक टपालाने मागवलं. ओसरीवर चार बाप्ये त्याच्यावर वाकून बसले. एक म्हणे, याले गोळी लागत नाई. दुसरा म्हणे, पण हे घाट चढंल कसं? गावच्या सुताराने सागवानी फळ्यांवर लोखंडी पट्ट्या मारून देतो म्हटलं, तर सागवान कुऱ्हाडीपुढे किती टिकतं यावर एक अख्खी दुपार गेली. मनकर्णाबाई आतून चहा पाठवून पाठवून थकली. ज्यांना त्या दारामागे बसायचं होतं त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं असेल तर शपथ.

आणि बसणाऱ्या होत्या दोघीच. ती स्वतः आणि सून कोकिळा. मुलगा शेषराव नागपूरला वकिली शिकत होता, आणि कोकिळेला सहावा महिना लागला होता. सहा महिन्यांची पोटुशी पोर त्या बिनखिडकीच्या खोलीत कशी श्वास घेईल, हा प्रश्न चित्रांच्या पुस्तकात कुठे नव्हता.

शेवटी गावचा लोहार अब्दुल गनी बातमी घेऊन आला. खामगावला जुन्या लोखंडाच्या एका वखारीत तयार दार पडून होतं, चौकटीसकट. कोण्या मोठ्या घरचं, निजामाच्या मुलखातलं. नव्याच्या पाव किमतीत. झालं! मुंबईचं पुस्तक मिटलं, सुतार परत गेला.

२

दार आलं ते दोन बैलजोड्या लावून. एकाच पल्ल्याचं, दोन बोटं जाड, आत पितळेचं कुलूप, वीतभर लांब किल्ली. सहा माणसांनी उतरवलं तेव्हा अंगण हादरलं. भगवंतराव त्याच्याभोवती नवा बैल घेतल्यासारखे फिरत होते.

मनकर्णाबाई पदर खोचून पुढे आली आणि तिने दोन्ही बाजू पाहिल्या. बाहेरची बाजू जुनी होती, गंजलेली, ठिकठिकाणी पोपडे उडालेली. आतल्या बाजूला मात्र हिरवा रंग, दाट, नवा, एकावर एक दोन-तीन हात दिलेला.

"गनीभाऊ," ती म्हणाली, "चार माणसं पाह्यतात ती बाजू गंजलेली, अन् कोणीच पाह्यत नाई तिले रंग? असं काऊन?"

अब्दुल गनी साठीचा माणूस. या घराचे नांगर, विळे, गाडीच्या धावा, सगळं त्याच्या हातचं. त्याने दाढीवरून हात फिरवला. "म्याबी हेच पुसलं, वैनी. वखारवाला म्हणे, हाय तसं घ्या नाईतर सोडा."

"तुले रंगाचं काय पडलं?" भगवंतराव खेकसले. "दार पाह्य. हत्तीनंबी हलणार नाई."

"दारच पाहून राह्यली. आतून कडी कुठं हाय याले?"

"आतून कायले पाहिजे?"

"म्हणजे? आम्ही आत, कुलूप बाहेर. मंग आम्ही निघावं कसं?"

"मी उघडीन तवा."

"अन् तुमालेच काई झालं तर?"

"शुभ बोल जरा!" भगवंतरावांचा आवाज चढला. "आतून कडी ठेवली, अन् बाहेरून कोणी गोड बोललं, मी हाव, उघड, की तुम्ही बायका कडी काढून मोकळ्या. किल्ली माणसाच्याच कंबरेले पाहिजे."

सहा माणसं हसली. का हसली? त्यात हसण्यासारखं काय होतं? मनकर्णाबाई त्या सहाही जणांकडे एकेक करून बघत राहिली. गनी तेवढा हसला नव्हता. तो खाली वाकून दाराच्या हिरव्या बाजूवर बोट फिरवत होता, आणि मग त्याने ते बोट धोतराला पुसलं.

३

चौकट बसली की पाच सवाष्णी बोलवायच्या, पाचींनी दाराला हळदीचं एकेक बोट लावायचं, ही या घरची रीत. कणगी बसली तरी पाच बोटं, गोठ्याचं फाटक बसलं तरी पाच बोटं. मनकर्णाबाईने ताट तयार केलं आणि शेजारी आवतण धाडायला निघाली, तर मालक आडवे आले.

"कोणाले बोलवायचं नाई. उद्या गावभर होईल, भगवंतरावाच्या घरी लोखंडी खोली हाय म्हणून. मंग ते दार कोणासाठी बसवलं?"

"सहा माणसांनी गाडीवरून उतरवलं तवा गावानं डोळे मिटले व्हते काय?"

"तू अन् सूनबाई, दोघी लावा. झालं."

आता सांगा. पाचांची रीत दोघींत उरकायची. मनकर्णाबाईने कुंकवाचं बोट कोकिळेच्या कपाळाला लावलं, स्वतः हळदीचं एक बोट गंजक्या लोखंडावर उमटवलं, एक कोकिळेने. दोनच पिवळे ठिपके त्या एवढ्या मोठ्या दारावर केविलवाणे दिसत होते. ताटात हळद उरली. ते पाहून तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिने ताट तिथेच उंबऱ्याच्या आत, रिकाम्या खोलीत ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "तिघींचा मान राह्यला. ज्या कोणाचा असंल त्यांनी घ्या, बायांनो. या घरच्या माणसाले बोलवायची लाज वाटते."

म्हणाली ती नवऱ्याला ऐकू जावं म्हणून. त्याने ऐकलं नाही. तो कुलपात किल्ली फिरवून पाहत होता. कुलूप लागलं, किल्ली कंबरेला गेली. ताट आतच राहिलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनीच दार उघडलं आणि शेतावर गेले. कोकिळा झाडायला आत गेली, आणि दोन मिनिटांत केरसुणी घेऊन बाहेर आली.

"आत्याबाई, आतल्या बाजूनंबी तुम्हीच बोटं लावली काय?"

मनकर्णाबाई आत गेली. हिरव्या रंगावर, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीला, हळदीची तीन बोटं होती. एका ओळीत. उभ्या बाईने कधी लावली नसती एवढी खाली. जमिनीवर बसलेल्या बाईने लावावी तशी.

ती शहाणी बाई होती, उगाच किंचाळणारी नव्हती. तिने विचार केला. उंदीर म्हणावा, तर उंदराला बोटाच्या रेषा असतात काय? गनीने चेष्टा केली म्हणावी, तर पूजेच्या वेळी गनी अंगणात होता, आणि तो या घरच्या पूजेच्या ताटाचा मान राखून चार हात दूर राहतो. कोकिळेला एवढं वाकता येत नव्हतं. आणि कुलूप? ते रात्रभर लागलेलं होतं, किल्ली ज्याच्या कंबरेला होती तो घोरत होता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

तिने आणखी वाकून पाहिलं. तिन्ही बोटं एका हाताची नव्हती. एक जाड, घरकाम केलेलं. एक लांबट. आणि तिसरं इतकं बारीक, की नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं असावं. नुकतंच लग्न होऊन आलेल्या एखाद्या पोरीचं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. "तुह्याच हाताची हळद," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

त्यानंतरच्या दुपारी ती माजघरात मिरच्या कुटत बसली की दगडी भिंतीमागून बांगड्या वाजत. काचेच्या, थोड्याच. बसून बसून पाय अवघडले की बाई एका हातावर भार देऊन कूस बदलते, तेव्हा वाजतात तशा. तिने मुसळ थांबवलं की त्याही थांबत. पहिल्या दिवशी ती स्वतःशी म्हणाली, आपल्याच हातातल्या असतील. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या बांगड्या वर सारून त्यांवर फडकं गुंडाळलं आणि मग कुटायला घेतलं.

वाजल्या.

५

आठवड्याने मालक चिखलीला तहसिलीत गेले, किल्ली देवघरात ठेवून. जाताना बजावून गेले, दाराला हात लावायचा नाई. ते वेशीबाहेर पडले नाहीत तोच मनकर्णाबाईने गनीला बोलावणं धाडलं.

"आतून कडी बसवायची. जाड. आजच्या आज."

"मालकाले इचारलं काय, वैनी?"

"आत बसणार कोण, मालक?"

गनीने खांद्यावरची झोळी खाली ठेवली. हातभर लांबीची सरकती कडी त्याने बरोबरच आणली होती, जणू त्याला ठाऊकच होतं. चौकटीच्या दगडाला खाच पाडली, मग दाराला भोकं पाडायला बसला. तिसऱ्या घावाला हिरव्या रंगाचा मोठा पोपडा सुटून खाली पडला. गनीने हात थांबवला. मग पटाशी घेऊन आणखी थोडा रंग काढला, आणखी थोडा, आणि "या अल्ला" म्हणून मागे सरकला.

रंगाखाली लोखंडावर ओरखडे होते. गुडघ्यापासून कमरेपर्यंत, एकावर एक, इतके दाट की मधे कोरी जागा नव्हती. काही खोल होते, कशाने तरी घासून केलेले, चमच्याने किंवा वाळ्याच्या टोकाने. काही नुसते उथळ, बोटांच्या अंतराने चार-चार.

मनकर्णाबाईने ओरखड्यांवर बोट ठेवलं. "गनीभाऊ. तुमाले काई ठाऊक हाय. बोला."

"वखारवाल्यानं एवढंच सांगतलं, वैनी. ज्याच्या कंबरेले किल्ली व्हती तो दरोड्याच्या रोजी घरासमोरच मारला गेला. अन् किल्ली काई कोणाले सापडली नाई."

"मंग दार कवा उघडलं?"

"ते म्या इचारलं नाई."

"अन् हे ठाऊक असून तुम्ही हे दार या घरात आणलं?" ती कडाडली. "माह्या सुनेसाठी?"

"आणायच्या आधी मालकाले सांगतलं व्हतं, वैनी," गनी खाली मान घालून म्हणाला. "ते म्हणे, लोखंड लोखंड असते. बायकांले सांगू नको."

म्हणजे नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. मनकर्णाबाई त्या तीन पिवळ्या बोटांकडे बघत उभी राहिली. एवढे दिवस ती ज्याला भीती समजत होती ती भीती नव्हतीच. संतापाने तिचे कान तापले होते.

"कडी बसवा," ती म्हणाली. "अशी बसवा की उपटणार नाई."

६

चिखलीहून परतल्यावरच्या शनिवारी सकाळी स्वतःचं जेवण उरकल्याबरोबर भगवंतरावांनी अंगणात थाळी बडवली. "हाकाटी झाली समजा! चला, आत! किती येळ लागते पाहू."

आता ही तालीम. कोकिळा उष्ट्या हाताने उठली. मालकांनी दार उघडलं, आणि त्यांना आतली कडी दिसली.

"हे कोणाचं काम?"

"माहं," मनकर्णाबाई म्हणाली.

त्यांनी कडी एकदा हिसडून पाहिली. मग म्हणाले, "ठीक हाय. उद्या गनीले बोलावून काढून टाकतो. सूनबाई, तू जाय आत. मी दार लावतो, शंभर आकडे मोजतो, अन् उघडतो. पाहू दे तुह्या सासूले, काई होत नाई ते."

कोकिळेने पोटावर हात ठेवला आणि सासूकडे पाहिलं. मामाजींच्या शब्दाबाहेर जायची तिची छाती नव्हती. तिने एक पाऊल उंबऱ्याकडे टाकलं.

मनकर्णाबाई मधे उभी राहिली. "पहिले तुम्ही."

"काय?"

"काई होत नाई ना? मंग पहिले तुम्ही जा. शंभर आकडे. भेव वाटते काय?"

सुनेसमोर असं विचारल्यावर कोणता सासरा मागे हटेल? भगवंतरावांनी किल्ली कंबरेची काढून बायकोच्या अंगावर फेकली आणि ताठ मानेने आत गेले. मधोमध जाऊन उभे राहिले. "हा उभा हाव. लाव दार."

मनकर्णाबाईने दाराला हात लावायच्या आधीच ते फिरलं. सहा माणसांना जड झालेलं दार, आवाज न करता मिटलं. आणि मग आतून, लोखंडावर लोखंड घासत, कडी सरकली. सावकाश. खाचेत जाऊन बसली तेव्हा टक्क वाजलं.

"कडी काऊन लावली?" तिने विचारलं.

"म्या नाई लावली." आतून आवाज आला, दगडामुळे लांबचा. "दार उघड."

"कडी आतून हाय. तुमीच काढा."

आत पावलं सरकली, हात चाचपडले. मग सगळं थांबलं. कोकिळेने सासूचा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती.

"मनकर्णे," भगवंतराव म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी तिला अशा आवाजात हाक मारली नव्हती. "कडीवर हात हायेत."

"कोणाचे?"

"मले नाई माहीत. थंड हायेत. लहान हायेत काही." त्यांचा श्वास दाराच्या फटीशी आला. "सोडून नाई राह्यले. माह्या हातावरबी ठेवून राह्यले. त्याईले सांग. तू सांग!"

तिने दाराला कपाळ टेकलं. लोखंड गार होतं, आणि पलीकडे, अगदी तिच्या कपाळासमोर, बांगड्या वाजल्या.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "तुमीच सांगा त्याईले. या दारामागं कोण्या बाईले बसवणार नाई, म्हणा."

"नाई बसवणार."

"माही सून नाई. दुसऱ्या कोणाचीबी सून नाई."

"नाई, नाई! कोणाचीच नाई. माह्या बापाची शपथ."

कडी सरकली. भगवंतराव बाहेर आले ते भिंत धरत. उजव्या मनगटावर हळदीची तीन बोटं होती, एक जाड, एक लांबट, एक बारीक. ते रहाटावर जाऊन हात घासत बसले, दुपार टळेपर्यंत.

७

दार तीन दिवसांत निघालं आणि गोठ्यामागे जाऊन पडलं. खोलीत पुन्हा ज्वारी आली. त्या सकाळनंतर भगवंतराव मनकर्णाबाईच्या नजरेला नजर देईनात. वैशाखात कोकिळेला मुलगी झाली. सुखरूप.

आणि त्याच महिन्यात गनी मागच्या दाराने आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली कडी होती.

"दार गेलं, वैनी. सोनाळ्याच्या उकंडरावाले देलं मालकानं. चांगला भाव आला म्हणे. गाडीवर चढवायच्या आधी मले बोलावून कडी काढायले लावली. घेणाऱ्याले आतून कडी नको व्हती. अन् आतून नवा रंग मारून पाहिजे व्हता."

मनकर्णाबाईला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. बापाची शपथ घेतलेला माणूस ओसरीवर तंबाखू मळत बसला होता, आणि त्याला काहीच झालं नव्हतं. तिने गनीला तिथूनच सोनाळ्याला धाडलं, दोन मुक्कामांचा रस्ता. उकंडरावाला सांगा, दारामागे बायका बसवू नका, बसवल्या तर आतून कडी लावा. गनी आठव्या दिवशी परत आला. उकंडराव हसला म्हणे. त्याच्याही घरी किल्ली माणसाच्याच कंबरेला राहते.

कडी तिने देवघराच्या कोनाड्यात ठेवली. दर शुक्रवारी आंघोळ झाली की त्या लोखंडावर हळदीची तीन बोटं लावायची. कोकिळा विचारायची नाही, शेजारी उभी राहायची, मुलगी कडेवर घेऊन.

पावसाळा गेला, दसरा गेला. कापूस वेचणी सुरू झाली. त्या शुक्रवारी मनकर्णाबाई ओल्या केसांनी देवघरात गेली, हळदीच्या करंड्याचं झाकण काढलं आणि कोनाड्यात हात घातला, तर बोटाला ओलं लागलं. कडीवर ताजी हळद होती. तिने अजून लावलीच नव्हती. तिने कडी उजेडात आणली. एक जाड. एक लांबट. एक बारीक.

त्यांच्या शेजारी आणखी एक. कोवळं, जरा थरथरून फिसकटलेलं.

ती तशीच माजघरात आली. भगवंतराव जेवायला बसले होते, भाकरीचा पहिला तुकडा हातात होता. तिने त्यांच्यासमोरचं ताट बाजूला सारलं आणि त्या जागी कडी ठेवली.

"हे काय?"

"मोजा. सोनाळ्याचीबी धरून."

त्यांची नजर एकेका ठिपक्यावरून सरकली. हातातला तुकडा खाली पडला. कोकिळा दाराशी येऊन उभी राहिली होती.

"मनात नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "तोंडानं. आमाले दोघींले आयकू येऊ द्या."

"एक," भगवंतराव म्हणाले.